भांडी बाजारात जाण्यापूर्वी: स्वयंपाकाची नवी भांडी कशी निवडावीत

नाशिकमध्ये भांडी घ्यायची म्हटले की पाय आपसूक गोदाकाठच्या भांडी बाजाराकडे वळतात. सराफ बाजाराच्या शेजारच्या या गल्ल्यांत तांब्या-पितळेचा व्यापार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. तांबट कारागिरांनी नाशिकच्या भांड्यांना महाराष्ट्रभर नाव मिळवून दिले, आणि आज त्याच बाजारात पितळी घागरींच्या शेजारी ट्रायप्लाय कढया आणि नॉनस्टिक तवे मांडलेले दिसतात. एवढे सगळे समोर असताना निवड चुकते ती बहुधा घरून निघतानाच चुकलेली असते, कारण एक चांगला सेट घ्यायचा एवढेच ठरवून आपण निघतो. त्या सेटमधल्या प्रत्येक भांड्यात नेमके काय शिजणार आहे, हा प्रश्न कोणी विचारलेला नसतो. माझे म्हणणे साधे आहे: भांडे पदार्थावरून निवडावे, आणि एका वेळी एकच निवडावे.

त्यासाठी खरेदीच्या आधी आठवडाभर स्वयंपाकघरातच थोडे लक्ष ठेवावे. कोणत्या भांड्यात काय शिजले, कुठे खाली लागले, काय उतू गेले, कोणते भांडे उचलताना मनगटावर ताण आला आणि कोणते भांडे आठवडाभर मांडणीवरून खालीच आले नाही, हे कागदावर लिहून काढावे. माझ्या घरी असे टिपण केले तेव्हा रोजच्या वापरातली भांडी मोजून सहा निघाली: पोळीचा तवा, भाकरीचा तवा, कुकर, सुक्या भाजीची कढई, रस्सा-आमटीचे पातेले आणि दुधाचे भगुणे. यांपैकी त्रास देणारी दोनच होती, म्हणजे खरेदीही दोनच भांड्यांची होती. ज्या घरात थंडीत रोज बाजरीची भाकरी होते आणि ज्या घरात आठवड्यातून चारदा डोसा होतो, त्या दोन घरांची यादी एक असणार नाही, आणि म्हणून दुसऱ्याच्या घरातला सेट पाहून खरेदी करणे उपयोगाचे नसते.

आता धातूंकडे वळू. भांड्याचे पहिले काम उष्णता पसरवणे हे आहे आणि या बाबतीत धातूंमध्ये फार मोठे अंतर आहे. तांबे हे स्टेनलेस स्टीलपेक्षा साधारण २५ पट आणि ॲल्युमिनियम साधारण १५ पट अधिक चांगले उष्णतावाहक आहे. पितळ या दोघांच्या खाली पण स्टीलच्या पुष्कळ वर आहे. स्टीलचे पातळ पातेले गॅसवर ठेवले की ज्योत जिथे लागते तिथेच ते तापते, उष्णता बाजूला सरकत नाही, आणि शिऱ्याच्या किंवा खिरीच्या तळाशी बर्नरच्या आकाराचे काळे वर्तुळ उमटते. काही वर्षांपूर्वी मी चकाकी पाहून असेच एक पातेले घेतले होते. सत्यनारायणाच्या प्रसादाचा सव्वा किलोचा शिरा त्यात करपला, तेव्हा दोष माझ्या हाताचा नसून तळाच्या जाडीचा होता, हे मला बऱ्याच उशिरा कळले. त्यामुळे ज्या पदार्थाला सतत ढवळावे लागते आणि जो घट्ट होत जातो, म्हणजे शिरा, बासुंदी, पुरण किंवा पिठले, त्याच्यासाठी जाड बुडाचे भांडे ही पहिली अट मानावी.

स्टील घेताना त्याची प्रत विचारलीच पाहिजे. ३०४ प्रतीच्या स्टीलमध्ये सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. त्यालाच १८/८ असेही म्हणतात. २०२ प्रतीत निकेल कमी करून त्याच्या जागी मँगनीज वाढवलेले असते, त्यामुळे ते स्वस्त पडते, परंतु मीठ आणि आंबट यांच्यापुढे ते ३०४ इतके टिकत नाही. काही काळाने त्यावर डाग व बारीक खड्डे दिसू लागतात. ४३० प्रतीत निकेल जवळजवळ नसते आणि त्याला लोहचुंबक चिकटते. इथे एक गैरसमज दूर करायला हवा. चुंबक चिकटले म्हणजे स्टील वाईट आणि चिकटले नाही म्हणजे उत्तम, असे अनेक ग्राहक समजतात, परंतु चुंबक सपाट पत्र्याला ३०४ मध्येही चिकटत नाही आणि २०२ मध्येही चिकटत नाही, त्यामुळे या दोन प्रतींमधला फरक चुंबकाने कळत नाही. दुसरीकडे, इंडक्शनच्या शेगडीवर चालणाऱ्या भांड्याच्या बाहेरच्या थरात मुद्दाम ४३० वापरतात, कारण तिथे चुंबक चिकटणे हीच गरज असते. म्हणून प्रत भांड्यावर कोरलेली पाहावी आणि बिलावर लिहून घ्यावी. स्टीलच्या भांड्यांसाठी आयएस १४७५६ आणि ॲल्युमिनियमच्या भांड्यांसाठी आयएस १६६० ही भारतीय मानके आहेत. आयएसआय चिन्हाजवळ मानकाचा क्रमांक आणि परवान्याचा क्रमांक छापलेला असतो, आणि तो परवाना खरा आहे की नाही हे भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर या मोबाइल ॲपवर दुकानात उभ्या उभ्या तपासता येते.

पत्र्याची जाडी गेजमध्ये सांगितली जाते, आणि गेजचा आकडा जितका मोठा तितका पत्रा पातळ, हे लक्षात ठेवावे. १८ गेजचा पत्रा सुमारे १.२ मिलिमीटर जाड असतो, तर २२ गेजचा सुमारे ०.७ मिलिमीटर. साठवणीच्या डब्याला २२ गेज पुरतो. चुलीवर चढणाऱ्या पातेल्याला १८ किंवा त्याहून जाड पत्रा हवा. एकाच मापाची दोन पातेली दोन हातांत घेऊन पाहिली तरी जाडीचा अंदाज येतो. एवढे करूनही साध्या स्टीलचा वाहकतेचा मूळ दोष राहतोच, आणि त्यावर उपाय म्हणून ॲल्युमिनियमचा थर जोडलेली भांडी आली. यांचे दोन प्रकार आहेत आणि दुकानात ते एकाच दमात सांगितले जातात. सँडविच बुडाच्या भांड्याला फक्त तळाशी ॲल्युमिनियमची चकती जोडलेली असते. ट्रायप्लायमध्ये आत स्टील, मध्ये ॲल्युमिनियम आणि बाहेर स्टील असे तीन थर तळापासून काठापर्यंत गेलेले असतात. आमटी, रस्सा किंवा मिसळीचा कट उकळायचा असेल तर पातळ पदार्थ स्वतःच उष्णता फिरवतो, तिथे सँडविच बूड पुरेसे आहे आणि जास्तीचे पैसे घालवण्याचे कारण नाही. कढईची गोष्ट वेगळी, कारण तिच्या उतरत्या भिंतींवरही भाजी परतली जाते आणि भिंत थंड राहिली तर तळाची भाजी करपून वरची कच्ची राहते. त्यामुळे ट्रायप्लायवर एकदाच खर्च करायचा असेल तर तो कढईवर करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

स्टीलमध्ये पदार्थ चिकटतो ही तक्रार बहुधा पद्धतीची असते. कढई मध्यम आचेवर आधी तापवावी, पाण्याचा थेंब टाकल्यावर तो चरचरून विरून न जाता मोत्यासारखा पळू लागला की मग तेल घालावे, आणि त्यानंतर भाजी. मीठ थंड पाण्यात टाकून तळाशी पडू देऊ नये. पाणी उकळल्यावर टाकावे, म्हणजे स्टीलला खड्डे पडत नाहीत. दूध तापवण्यापूर्वी भगुणे पाण्याने विसळून ओलेच ठेवावे, ही आपल्या घरोघरची रीत आहे आणि ती खरोखर उपयोगी पडते.

लोखंड आणि बीड यांच्याविषयी मात्र सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण बाजरीची भाकरी, ठेचा, भरीत आणि मेथीची भाजी ज्या घरात होते त्या घरात या धातूंना पर्याय नाही. घडीव लोखंडाचा पत्रा आणि बीड या दोन वेगळ्या वस्तू आहेत. बीड म्हणजे ओतीव लोखंड. त्यात कर्बाचे प्रमाण २ टक्क्यांहून अधिक असते, त्यामुळे ते कठीण पण ठिसूळ असते, हातातून फरशीवर पडले किंवा तापलेले असताना त्यावर गार पाणी ओतले तर तडकू शकते. बिडाचा तवा सावकाश तापतो पण एकदा तापला की उष्णता धरून ठेवतो, म्हणून डोसा, घावन, थालीपीठ आणि आंबोळी यांसाठी तो उत्तम. भाकरीसाठी मी घडीव लोखंडाचा, किंचित खोलगट आणि हाताला जड लागणारा तवा पसंत करते. तो मी गंगाघाटावरच्या बुधवारच्या बाजारातून घेतला आणि त्यावर पाणी फिरवलेली भाकरी सुटून येते, तशी ती माझ्याकडच्या दुसऱ्या कोणत्याही तव्यावर आलेली नाही. पातळ ॲल्युमिनियमच्या तव्यावर भाकरीला ठिकठिकाणी काळे डाग पडतात आणि मध्ये ती कच्ची राहते.

नवा लोखंडी किंवा बिडाचा तवा विकत आणला की लगेच वापरू नये. त्यावर गंज लागू नये म्हणून कारखान्यात तेल किंवा मेणासारखा लेप दिलेला असतो, तो गरम पाणी, साबण आणि काथ्याने घासून काढावा. मग तवा गॅसवर पूर्ण कोरडा करून, कापडाने तेलाचा अगदी पातळ हात फिरवून, धूर येईपर्यंत तापवावा आणि निवू द्यावा. असे चार-पाच वेळा केले की तेलाचा थर धातूवर घट्ट बसतो आणि पृष्ठभाग काळा, गुळगुळीत होतो. तेल जाड लावले तर मात्र थर चिकट होतो आणि सगळे पुन्हा घासावे लागते, म्हणून तेल लावून झाल्यावर ते पुसूनच टाकत आहोत असे वाटेल इतके कमी ठेवावे. पहिल्या काही वेळा अर्ध्या कांद्याने तेल फिरवून कांदा परतून टाकून द्यावा. लोखंडी कढईत टोमॅटो, चिंच किंवा आमसूल घातलेली भाजी करू नये. आंबटाने लोखंड विरघळते, भाजी काळी पडते आणि बसवलेला थरही उतरतो. मेथी किंवा पालक त्यात करावा आणि शिजल्याबरोबर दुसऱ्या भांड्यात काढावा. या भांड्यांतून थोडे लोह अन्नात उतरते, हा लाभ आहे, परंतु रात्रभर भाजी तशीच ठेवली तर चव बिघडते. पावसाळ्यात तवा धुतल्यावर नुसता पुसून भागत नाही, तो ज्योतीवर कोरडा करून तेलाचा हात लावूनच ठेवावा.

पितळेचा विषय निघाला की नाशिककराचे मन थोडे हळवे होते, आणि तसे होण्याला कारणही आहे. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचा मिश्रधातू. तो उष्णता छान पसरवतो, आणि जाड पितळी पातेल्यात शिजलेल्या वरणाचा किंवा मटकीच्या उसळीचा शिजण्याचा सारखेपणा स्टीलला साधत नाही. परंतु कल्हई नसलेल्या पितळेत ताक, दही, चिंच किंवा टोमॅटो घातला की पदार्थ कळकतो, हिरवट होतो आणि तो खाण्यायोग्य राहत नाही. म्हणून स्वयंपाकाचे पितळी किंवा तांब्याचे भांडे आतून कल्हई केलेलेच असावे. कल्हई म्हणजे कथलाचा थर: भांडे तापवून, नवसागराने साफ करून, त्यावर कथील फिरवून कापसाने पसरवतात. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते, आणि या एका आकड्यातच पितळी भांड्याच्या वापराचा नियम आहे: ते रिकामे चुलीवर ठेवू नये, त्यात कोरडे भाजू नये, मोठ्या आचेवर फोडणी करू नये, तर फोडणी लहान लोखंडी पळीत करून वरून ओतावी. घासायला तारेची घासणी वापरू नये. आतून पिवळा धातू डोकावू लागला की पुन्हा कल्हई करून घेण्याची वेळ झाली. कल्हईवाला आता पूर्वीसारखा गल्लोगल्ली येत नाही. त्यामुळे पितळी भांडे घेण्यापूर्वी त्याची कल्हई कोठे होईल हे त्याच दुकानदाराला विचारून ठेवावे, आणि त्याला सांगता आले नाही तर खरेदीचा फेरविचार करावा. कांसे दिसायला पितळेच्या जवळचे असले तरी ते तांबे आणि कथील यांचे असते, आपटले तर फुटते, आणि ते ताट-वाटीसाठी योग्य आहे, चुलीसाठी नव्हे.

साधे ॲल्युमिनियम स्वस्त आणि हलके आहे, परंतु आंबट पदार्थाने ते झिजते. हार्ड ॲनोडाइज्ड भांड्यात त्याच ॲल्युमिनियमवर विद्युत प्रक्रियेने ऑक्साइडचा कठीण थर चढवलेला असतो, त्यामुळे ते अधिक टिकाऊ ठरते; तो थर खरवडला जाईल असे घासू नये.

नॉनस्टिक घ्यायचे असेल तर एकच घ्यावे, लहान घ्यावे, आणि ते धिरडे, ऑम्लेट किंवा कमी तेलातल्या कटलेटसाठी राखून ठेवावे. त्याचा लेप बहुधा टेफ्लॉनच्या जातीचा असतो, तो सुमारे २६० अंश सेल्सिअसच्या पुढे बिघडू लागतो आणि त्यातून निघणारा धूर हानिकारक असतो. रिकामा तवा मोठ्या आचेवर विसरला तर हे तापमान थोड्याच मिनिटांत गाठले जाते. म्हणून भाकरी, पापड भाजणे आणि खमंग फोडणी ही कामे नॉनस्टिकवर मुळीच करू नयेत. वेष्टनावर पीएफओए नाही असे लिहिलेले असते, त्याचा अर्थ एवढाच की निर्मितीत पूर्वी वापरले जाणारे ते एक विशिष्ट रसायन त्यात नाही. लेप टेफ्लॉनच्या जातीचाच असू शकतो. लाकडी उलथणे वापरावे, आणि लेपाचे पोपडे निघू लागले की भांडे निवृत्त करावे. ते किती महागाचे होते, हा विचार त्या वेळी आड येऊ देऊ नये.

कुकरच्या बाबतीत सुरक्षितता आधी आणि बाकी सगळे नंतर. घरगुती कुकरसाठी आयएस २३४७ हे मानक आहे आणि त्याचे आयएसआय चिन्ह कायद्याने बंधनकारक आहे. चिन्ह नसलेला कुकर कितीही सवलतीत मिळाला तरी घेऊ नये. आतल्या झाकणाच्या कुकरमध्ये वाफेचा दाब झाकणाला काठावर आतून दाबून धरतो, त्यामुळे दाब उतरेपर्यंत ते उघडत नाही. बाहेरच्या झाकणाच्या कुकरचे तोंड रुंद असते आणि त्यात वरण-भाताचे डबे एकावर एक सहज बसतात. आपले डबे सोबत नेऊन दुकानातच ठेवून पाहावेत. जे घर डबे ठेवूनच शिजवते, तिथे अन्न कुकरच्या धातूला लागत नाही, त्यामुळे ॲल्युमिनियमचा कुकर चालतो, आणि तळाच्या पाण्यात लिंबाची साल टाकली की तो आतून काळा पडत नाही. ज्या घरात थेट कुकरमध्येच आमटी किंवा टोमॅटोची भाजी होते, त्यांनी स्टीलचा जाड बुडाचा कुकर घ्यावा. चार माणसांच्या घरी ५ लिटरचा कुकर सोयीचा पडतो, कारण तो दोन तृतीयांशाहून अधिक भरायचा नसतो आणि डाळीसाठी तर अर्धाच. त्याच कंपनीची रिंग आणि सेफ्टी व्हॉल्व्ह नाशिकमध्ये सुटे मिळतात का, हे खरेदीच्या वेळीच विचारावे.

मापाचा नियम असा की पदार्थ शिजताना जेवढा वर येतो तेवढी जागा मोकळी हवी. लिटरभर दुधाला दोन लिटरचे भगुणे लागते. चौघांच्या भाजीला २४ ते २६ सेंटिमीटर व्यासाची कढई पुरते. तवा बर्नरपेक्षा फार मोठा घेतला तर पोळीच्या कडा कच्च्या राहतात. कान आणि दांडे रिव्हेटने बसवलेले असावेत. नुसत्या डाग दिलेल्या जोडाला हाताने हलकेच पिळ देऊन पाहावे. कढई रिकामी उचलून समाधान मानू नये, तर त्यात दोन किलोची भाजी आहे असे धरून दोन्ही हातांनी उचलून पाहावी. घरातल्या वयस्कर माणसांना रोज हाताळायचे असेल तर त्यांनाच सोबत न्यावे. भांडे काचेच्या काउंटरवर ठेवून टिचकी मारावी. ते डुलले तर गॅसवरही डुलेल, आणि इंडक्शनवर तर नीट तापणारच नाही. इंडक्शन असलेल्या घरांनी खिशात छोटे चुंबक नेऊन ते बुडाच्या मध्यावर आणि कडेला, दोन्हीकडे चिकटते का ते पाहावे.

भांडी बाजारात अजूनही स्टील, पितळ आणि तांबे बऱ्याच ठिकाणी वजनावर विकले जाते, म्हणून भाव विचारताना किलोचा की नगाचा, हे आधी स्पष्ट करून घ्यावे. वजनाने घेताना जड म्हणजे महाग हे खरे, पण बुडातले वजन कामाचे आणि काठाच्या जाड वळणातले किंवा भरीव दांड्यातले वजन फारसे कामाचे नसते, हे बघून मगच तराजूवर ठेवू द्यावे. धनत्रयोदशीच्या गर्दीत हे सगळे तपासणे शक्य होत नाही; मुहूर्ताला एखादा तांब्या किंवा पळी घ्यावी आणि रोजची कढई एखाद्या साध्या दिवशी सकाळी, दुकानदाराला बोलायला वेळ असताना घ्यावी. मोड देऊन नवी भांडी घ्यायची असतील, तर जुन्या धातूंचे वजन वेगवेगळे करून घ्यावे, कारण तांब्याचा आणि पितळेचा भाव एक नसतो. माझी मात्र कळकळीची विनंती आहे की आजीच्या काळातले जाड पितळी पातेले मोडीत घालण्यापूर्वी एकदा त्याला कल्हई करून त्यात उसळ शिजवून पाहावी. तेवढ्या जाडीचे नवे पातेले घ्यायला गेले तर मोडीतून आलेल्या पैशांत ते मिळत नाही, आणि जे आपल्याला विकत हवे होते ते माळ्यावरच होते, असे अनेकदा निघते.

भांडे घरी आणल्यावर लेबल नखाने खरवडू नये. भांड्यात गरम पाणी भरून थोडा वेळ ठेवले की डिंक सैल होतो, आणि राहिलेला चिकटपणा खोबरेल तेलाने निघतो. स्टीलवर तापल्यामुळे निळसर-जांभळी झाक आली किंवा बोअरिंगच्या पाण्याचे पांढरे डाग पडले तर लिंबू किंवा व्हिनेगर पुरते. दुकानात नाव घालून घ्यायचे असेल तर ते काठाखाली, बाहेरच्या बाजूला घालायला सांगावे, आतल्या तळावर नव्हे, कारण कोरलेल्या रेघांत अन्न धरून राहते. नावासोबत साल आणि लिटरमधले मापही घालून घ्यावे, म्हणजे कार्याच्या वेळी कोणत्या पातेल्यात किती माणसांचा रस्सा मावेल, हे शेजारणीलाही विचारल्याशिवाय कळते.